उमेदवारीचे ऋण

उमेदवारी हा शब्द अलीकडे आपल्या घरांतून फारसा ऐकू येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत तो वर्तमानपत्रांतून डोके वर काढतो आणि निकाल लागले की पुन्हा दिसेनासा होतो. एके काळी मात्र तो रोजच्या बोलण्यातला शब्द होता. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'कचेरीत उमेदवारी करतो' असे उत्तर मिळाले की ऐकणाऱ्याला सारे समजत असे. उमेद म्हणजे आशा आणि उमेदवार म्हणजे ती आशा उराशी धरून बसलेला. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी राबणारे असे उमेदवार असत. त्यांना नकला कराव्या लागत, दप्तरे बांधावी लागत आणि साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. कोणाला वर्षभरात चिकटता येई, तर कोणाची उमेद झिजत झिजत संपून जाई.

आज आपली मुले संगणकशास्त्राच्या पदवीला बसतात आणि तिसऱ्या वर्षापासून घरात एक नवा शब्द वावरू लागतो : इंटर्नशिप. शब्द नवा असला तरी गोष्ट तीच आहे. कोणी दोन महिन्यांसाठी पवईला जातो, कोणी सहा महिन्यांसाठी हिंजवडीला किंवा बंगळूरला. घरची माणसे विचारतात, 'पुढे कायम करतील ना?' मुलगा म्हणतो, 'काम पाहून ठरवतील.' या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत त्या घराचे सारे भवितव्य काही महिने टांगलेले असते. नोकरी कशी मिळवावी याचे मार्गदर्शन पुष्कळ ठिकाणी मिळते. आम्हांला येथे त्यामागच्या एका नैतिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. या महिन्यांत तो तरुण विद्यार्थी असतो की कामगार? दुसऱ्याची आशा कामाला लावून घेणारा त्याचे काय देणे लागतो? आणि आशा घेऊन दाराशी उभा राहिलेला तरी कशास बांधलेला असतो?

प्रथम हा व्यवहार चालतो कसा ते पाहू. पाऊण तासाच्या मुलाखतीत माणूस कळत नाही, हे सॉफ्टवेअर कंपन्यांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. कोडी चटकन सोडवणारा हुशार मुलगा दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधताना गोंधळून जातो. उलट मुलाखतीत अडखळणारी मुलगी चिकाटीने आठ दिवस त्याच चुकीच्या मागे लागते आणि मूळ कारण हुडकून काढते. म्हणून कंपन्या महाविद्यालयाच्या उन्हाळी सुटीत किंवा अखेरच्या सत्रात मुलांना आपल्याकडे बोलावतात, एखाद्या अनुभवी अभियंत्याच्या हाताखाली देतात आणि एक लहानसे काम सोपवतात. शेवटी त्या अभियंत्याचे मत विचारले जाते. मत अनुकूल असेल आणि पुढच्या वर्षासाठी जागा मंजूर असेल, तर पदवी हाती पडण्यापूर्वीच नेमणुकीचा देकार मिळतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. निर्णयात दोन निराळे प्रश्न गुंतलेले असतात. पहिला प्रश्न हा मुलगा लायक आहे काय, आणि दुसरा आपल्याकडे जागा आहे काय. पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी मुलाच्या हाती असते. दुसऱ्याचे उत्तर बाजाराच्या, अंदाजपत्रकाच्या आणि कधी कधी सात समुद्रांपलीकडील एखाद्या ग्राहकाच्या हाती असते. परंतु 'आम्ही तुम्हांला घेऊ शकत नाही' एवढेच वाक्य जेव्हा कानावर येते, तेव्हा बावीस वर्षांच्या मनाला हा भेद दिसत नाही. जागा नव्हती हे त्याला कोणी सांगत नाही आणि आपली लायकी नव्हती असे तो समजून चालतो. या गैरसमजाने किती मने विनाकारण खचतात! आम्हांला तर वाटते, उमेदवारीच्या व्यवहारातील सर्वांत मोठा अन्याय पैशाचा नसून या मौनाचा असतो.

ज्याने या मार्गाने जाऊन जग बदलले असा एक उमेदवार इतिहासात होऊन गेला. मायकेल फॅरडे हा लंडनमधील लोहाराचा मुलगा. त्याचा जन्म १७९१ सालचा. शाळेचे शिक्षण जेमतेम. १८०५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो पुस्तके बांधणाऱ्या एका दुकानदाराकडे सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून राहिला. त्या काळी मुलाला हुन्नर शिकवण्यासाठी आईबापांनाच मालकाला रक्कम द्यावी लागे. फॅरडेने आधी वर्षभर त्याच दुकानात निरोप्याचे काम इमानाने केले होते म्हणून मालकाने ती रक्कम माफ केली. बांधावयास आलेली पुस्तके तो वाचू लागला आणि त्यांतून त्याला विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. फॅरडेने चार व्याख्याने ऐकली, त्यांची सविस्तर टिपणे लिहिली, आकृत्या काढल्या, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. डेव्ही त्याला भेटले. पुस्तकबांधणीचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला त्यांनी दिला, कारण त्या वेळी जागा नव्हती. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील साहाय्यक भांडणामुळे कामावरून दूर झाला, तेव्हा डेव्हींना तो मुलगा आठवला. मार्च १८१३ मध्ये फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहावयास माळ्यावरच्या दोन खोल्या.

या कथेत आजच्या मुलांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. फॅरडेने डेव्हींना आपण किती हुशार आहोत हे सांगितले नाही. त्याने पूर्ण झालेले, नीटनेटके, उपयोगी पडेल असे काम पुढे ठेवले. संगणकाच्या क्षेत्रात आजही तेच दार सर्वांत प्रामाणिकपणे उघडते. अर्धवट सोडलेल्या दहा प्रकल्पांच्या यादीपेक्षा कोणीतरी प्रत्यक्ष वापरत असलेला एकच लहान प्रोग्रॅम अधिक बोलका ठरतो. जगभरातील स्वयंसेवक मिळून जी मुक्त सॉफ्टवेअरे घडवतात, त्यांत चूक दुरुस्त करून पाठवण्यास कोणाची ओळख लागत नाही की कोणाची शिफारस लागत नाही. २००५ पासून चालत आलेल्या 'गूगल समर ऑफ कोड' या उपक्रमात नवख्यांना अशा कामासाठी मार्गदर्शक मिळतो आणि विद्यावेतनही मिळते. भारतातील लहान गावांतल्या महाविद्यालयांतूनही मुले त्यात शिरली आहेत. तेथे केलेले काम कायम नोंदलेले राहते. उद्याचा मालक ते उघडून पाहू शकतो, जसे डेव्हींनी ती बांधलेली वही उघडून पाहिली.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑक्टोबर १८१३ मध्ये डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाले. त्यांच्या खासगी नोकराने ऐनवेळी येण्यास नकार दिला. दुसरा माणूस मिळेपर्यंत तेही काम थोडेफार पाहा, असे फॅरडेला सांगण्यात आले. दुसरा माणूस कधी मिळालाच नाही. दीड वर्षाच्या त्या प्रवासात फॅरडेने व्होल्टा आणि अँपियर यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाहिले, अमोल शिक्षण मिळवले, आणि त्याच वेळी डेव्हींच्या पत्नीकडून नोकरासारखी वागणूकही सोसली. घरी परत जावे असे त्याच्या मनात अनेकदा आले. शिक्षण खरे होते आणि मानहानीही खरी होती. 'तुला शिकावयास मिळते आहे ना?' या प्रश्नाने दुसरी गोष्ट झाकता येते काय? आमच्या मते येत नाही. शिकवण्याचे पुण्य पदरी असले म्हणून राबवून घेण्याचा अधिकार मिळत नाही.

आपल्या देशाच्या कायद्याने या गुंत्याचा विचार केलेला आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानतो. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते या कायद्याच्या कक्षेत आले. विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे मात्र हा कायदा म्हणत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, आपल्याकडे शिकलेल्या उमेदवारांना कामावर घेण्याबाबतचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवावे, अशी तरतूद झाली. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या शिकाऊ उमेदवारांच्या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो आम्हांला या बाबतीत फार समंजस वाटतो. नोकरीची हमी न्यायालयाने दिली नाही. परंतु इतर सर्व बाबी समान असतील तर बाहेरून येणाऱ्यापेक्षा आपल्याकडे शिकलेल्याला अग्रक्रम द्यावा, असे सांगितले. यातील नैतिक सूत्र साधे आहे. ज्याने तुमच्या दाराशी आपले दिवस वेचले, तो तुम्हांला अगदीच परका राहिलेला नाही.

आपल्या मुलांच्या बहुतेक इंटर्नशिपा या कायद्याखालच्या नसतात. महाविद्यालय आणि कंपनी यांच्यातील पत्रावर त्या चालतात. तेथे हक्कांची रेषा पुसट होते आणि म्हणूनच सदसद्विवेकाची रेषा ठळक असावी लागते. अमेरिकेत काही वर्षांपूर्वी एका चित्रपट कंपनीविरुद्ध तिच्या बिनपगारी उमेदवारांनी दावा लावला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने त्यावर निकाल देताना एक कसोटी सांगितली : या व्यवहाराचा मुख्य लाभ कोणाला होतो ते पाहा. लाभ मुख्यतः शिकणाऱ्याचा असेल तर ते शिक्षण आणि मालकाचा असेल तर ती मजुरी. कायदेपंडित या कसोटीवर वाद घालतील. सामान्य माणसाला मात्र तिच्यामुळे आपल्या डोळ्यांपुढचे चित्र स्पष्ट दिसते. एखादी लहान कंपनी पाच मुलांना बिनपगारी बोलावते, त्यांच्याकडून ग्राहकाचे संकेतस्थळ बांधून घेते, ग्राहकाकडून पैसे घेते, मुलांना प्रमाणपत्र देते आणि पुढच्या सत्रात नवी पाच मुले बोलावते. येथे कोण शिकले आणि कोणाचे फावले? ज्या कामाचे पैसे ग्राहक मोजतो, त्या कामाला 'शिक्षण' म्हणून कोरडे ठेवणे हे शब्दांशी आणि माणसांशी केलेले कपट आहे.

याहून हीन प्रकारही बोकाळला आहे. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमापासून अभियांत्रिकी शिक्षणात इंटर्नशिपला अधिकृत स्थान मिळाले. हेतू चांगला होता. पण गरज निर्माण झाली की ती विकणारेही उभे राहतात. नोंदणीसाठी काही रक्कम भरावयाची, चार चित्रफिती पाहावयाच्या आणि महिन्याअखेर रंगीत प्रमाणपत्र घ्यावयाचे, असा उद्योग सुरू झाला. फॅरडेच्या मालकाने दोनशे वर्षांपूर्वी जी रक्कम माफ केली, ती आज नव्या नावाने पुन्हा वसूल होत आहे आणि बदल्यात हुन्नरही मिळत नाही. पालकांनी एक नियम पक्का धरावा. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे मागत असेल तर तो काम देणारा नव्हे.

आता अधिक नाजूक प्रश्नाकडे वळू. आपल्या समाजात कोणी ना कोणी मोठ्या कंपनीत असतो. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात कोणीतरी हळूच त्याच्याजवळ जाऊन म्हणतो, 'आमच्या पोराचे जरा बघा ना.' यात गैर काय? कंपन्या तर उघडपणे आपल्या कर्मचाऱ्यांना शिफारशी करावयास सांगतात. मग शिफारस आणि वशिला यांतील सीमा कोठे आखावी?

आमच्या मते ही सीमा साक्षीच्या कल्पनेने आखता येते. शिफारस ही एक साक्ष आहे. 'या मुलीचे काम मी स्वतः पाहिले आहे, ती मेहनती आहे, अमुक विषय तिला चांगला येतो आणि तमुक अजून शिकावयाचा आहे' असे जो म्हणतो तो खरी साक्ष देतो. 'आमच्या गावचा आहे, घ्या' असे जो म्हणतो त्याच्या बोलण्यात साक्ष नाही, केवळ वजन आहे. पहिल्या बोलण्याने निवडणाऱ्याला सत्य कळण्यास मदत होते आणि दुसऱ्याने ते कळण्यात अडथळा येतो. फॅरडेलाही एका गिऱ्हाइकाने प्रवेशपत्रे दिलीच होती. पण त्या माणसाने त्याला केवळ सभागृहापर्यंत पोहोचवले. वही त्याची त्यालाच लिहावी लागली. आपण एकमेकांच्या मुलांना सभागृहापर्यंत अवश्य पोहोचवावे. अर्ज कोठे करावा, मुलाखतीत काय विचारतात, कोणती कंपनी शिकवते आणि कोणती पिळते, ही माहिती सांगितल्याने कमी होत नाही. मात्र दुसऱ्याच्या मुलाची खुर्ची ओढून आपल्या मुलाला देण्याचे वजन कोणी वापरू नये. त्या दुसऱ्या मुलाला चर्चच्या आवारात कोणी ओळखत नसेल. त्याचीही आई वाट पाहत असते.

येथेच एका न दिसणाऱ्या भिंतीचा उल्लेख करणे भाग आहे. बिनपगारी किंवा नाममात्र विद्यावेतनाची सहा महिन्यांची उमेदवारी कोणाला परवडते? ज्याच्या वडिलांना बंगळूरच्या खोलीचे भाडे आणि खाणावळ भरता येते त्याला. वसईतल्या ज्या घरात वाडीच्या उत्पन्नावर किंवा एकाच पगारावर पाच माणसे जेवतात, तेथील मुलाने ती संधी नाकारली तर तो कमी जिद्दीचा ठरतो काय? पगार न देणारा मालक केवळ पैसे वाचवत नाही, तर गरिबाच्या मुलाला दाराबाहेर ठेवतो आणि वर गुणवत्तेच्या गोष्टी सांगतो. सरकारनेही याची दखल घेतलेली दिसते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. परंतु मुदत संपत आल्यावर तेच प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले. म्हणजे विद्यावेतनाने पोटाचा प्रश्न काही काळ सुटला, उमेदीचा सुटला नाही. आशा निर्माण करणाऱ्याला तिचे उत्तरही द्यावे लागते.

उत्तर देण्याचे टाळले की काय होते, ते सॉफ्टवेअर क्षेत्राने अलीकडेच पाहिले. २०२२ च्या सुमारास पदवी घेतलेल्या अनेक मुलांच्या हाती नेमणुकीची पत्रे होती. रुजू होण्याची तारीख मात्र पुढे पुढे सरकत राहिली, काहींच्या बाबतीत दोन वर्षे. 'नोकरी लागली' म्हणून पेढे वाटलेल्या घरांत मुलगा बसून राहिला. दुसरीकडे अर्ज करावा तर हातची जाते आणि थांबावे तर वय जाते. मंदी कोणाच्या हातची नसते हे आम्हांला मान्य आहे. धंदा बुडत असताना भरती करा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु 'आम्हांला आता जमणार नाही, तुम्ही मोकळे आहात' एवढे वेळेवर सांगण्यास भांडवल लागत नाही. तेथे लागते ते धैर्य. नोकरी देणे प्रत्येकाला शक्य नसते. वेळेवर खरे सांगणे प्रत्येकाला शक्य असते, आणि म्हणूनच ते प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

आतापर्यंत आम्ही देणाऱ्याच्या कर्तव्याविषयी बोललो. मागणाऱ्याचेही कर्तव्य आहे. उमेदवारीला गेलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात नम्रपणे विचारावे : मागच्या वर्षीच्या मुलांपैकी किती जणांना येथे घेतले? यंदा जागा आहेत काय? माझे काम कशावरून जोखले जाईल? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. मध्यावर पुन्हा विचारावे : माझे कोठे कमी पडते? जो शेवटच्या दिवशी विचारतो त्याला केवळ निकाल मिळतो. मध्यावर विचारणाऱ्याला सुधारण्यास अवधी मिळतो. अडल्यावर दोन दिवस गप्प बसून राहण्यापेक्षा, स्वतः काय काय करून पाहिले ते सांगून मदत मागावी. जाताना आपले काम दुसऱ्याला पुढे नेता येईल अशा रीतीने लिहून ठेवावे. पुष्कळदा या शेवटच्या गोष्टीवरूनच जाणकार माणूस ओळखतो की, हा मुलगा येथे पाहुणा म्हणून राहिला नव्हता.

प्रामाणिकपणाची कसोटी दुसऱ्याही ठिकाणी लागते. एका कंपनीचा देकार स्वीकारून दुसरीकडे मुलाखती देत राहावयाचे आणि रुजू होण्याच्या आदल्या दिवशी नकार कळवावयाचा, ही रीत मुलांमध्ये रूढ होत आहे. कंपन्या आम्हांला ताटकळत ठेवतात, मग आम्हीच शब्द का पाळावा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. राग समजण्यासारखा आहे, पण युक्तिवाद टिकणारा नाही. त्या अडवून ठेवलेल्या जागेपायी मालकाचे जे नुकसान होते ते किरकोळ असते. खरे नुकसान यादीत पुढच्या क्रमांकावर थांबलेल्या दुसऱ्या उमेदवाराचे होते. आपल्यावर झालेल्या अन्यायाची परतफेड आपण आपल्यासारख्याच दुसऱ्या निराधारावर करीत असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात नवी भर घातली आहे. २०२२ च्या अखेरीपासून प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली. त्यांचा वापर करण्यात पाप नाही. आज कित्येक कंपन्या तो शिकवतात. परंतु परीक्षेसाठी घरी दिलेले काम यंत्राकडून करून घेऊन 'हे माझे' म्हणणारा मुलगा आपल्याविषयी खोटी साक्ष देतो आणि रुजू झाल्यावर त्या साक्षीचे ओझे त्यालाच रोज वाहावे लागते. दुसऱ्या बाजूने मालकापुढेही मोह उभा आहे. चुका शोधणे, चाचण्या लिहिणे, जुनी आज्ञावली नीट करणे, अशी जी किरकोळ कामे पूर्वी नवख्यांना देत, ती आता यंत्राकडून होतात. मग नवख्याला घ्यावेच कशाला? हिशेब चोख दिसतो, पण तो अपुरा आहे. आजचा प्रत्येक जाणता अभियंता कधी तरी त्या किरकोळ कामांवरच शिकला. शिडीची खालची पायरी काढून घेणाऱ्यांना उद्या वरच्या पायरीवर माणूस कोठून मिळणार? कारखान्यांच्या युगात मजुराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न तेराव्या लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रात मांडला होता. २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारण सांगताना त्या परिपत्राची आठवण काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात मनुष्याची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे नवी आव्हाने उभी आहेत, असे ते म्हणाले. आपल्या घरातील इंटर्नशिपची चर्चा या मोठ्या प्रश्नाचेच एक लहान रूप आहे.

आणि इतके सारे करूनही नोकरी नाही मिळाली तर? मिळणार नाही असे पुष्कळांच्या बाबतीत घडेल. अशा वेळी घराने काय करावे, यावर बरेच अवलंबून असते. 'अमक्याच्या मुलीला घेतले, तुला का नाही?' या एका वाक्याने जी जखम होते ती मालकाच्या नकाराने होत नाही. मालकाने एका जागेसाठी एक माणूस नाकारलेला असतो, घराने मात्र त्याचे सारे माणूसपणच तोलावयास घेतलेले असते. कंपनीचा निर्णय हा कंपनीच्या गरजेचा निर्णय आहे. तो एखाद्या जिवाच्या मोलाचा निर्णय नव्हे. त्या सहा महिन्यांत जे हाताने शिकले ते कोणी काढून घेऊ शकत नाही. ते घेऊन दुसऱ्या दाराशी उभे राहता येते, आणि तेव्हा तो पूर्वीइतका नवखा राहिलेला नसतो.

उमेदवारी संपून जे कायम झाले त्यांच्यासाठी शेवटचा शब्द राखून ठेवतो. चार-पाच वर्षांत त्यांच्याच हाताखाली कोणी नवा मुलगा येईल. तो भीत भीत प्रश्न विचारील, चुका करील, त्यांचा वेळ घेईल. त्या वेळी त्यांनी स्मरावे की, ज्याने आपल्याला शिकवले त्याचे ऋण त्यालाच परत करता येत नाही. त्याला त्याची गरजही नसते. ते ऋण पुढच्यालाच फेडावे लागते. त्याला मन लावून शिकवावे, त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळेल असे पाहावे, आणि होकार असो की नकार, त्याचे कारण त्याच्या डोळ्यांत पाहून वेळेवर सांगावे. दुसऱ्याची उमेद आपल्या हाती आली असता ती एवढी जपली, तरी ऋणाचा मोठा भाग फिटला असे समजावयास हरकत नाही.